बाळ दिवसभर रडतं, हट्ट करतं, रडता रडता निळं पडतं… (वय १३ महिने, नाशिक)

निफाडची_लेक
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा १३ महिन्यांचा आहे. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत तीन शिफ्टमध्ये, सासूबाई सोबत असतात. मुलगा दिवसभर रडतो. दिवसभर म्हटलं की लोकांना वाटतं वाढवून सांगतेय, पण खरंच सकाळी साडेपाचला उठतो तोच रडत, खाली ठेवला की रडं, कडेवर घेतला की पाच मिनिटं बरा आणि परत किरकिर. फोडणी घालताना पण तो कडेवरच असतो, तेल उडेल म्हणून मी गॅसकडे अर्धी पाठ करून उभी राहते आणि हात लांब करून फोडणी घालते. हातातून रिमोट किंवा मोबाईल घेतला की धनुष्यासारखा मागे वाकतो आणि डोकं फरशीवर आपटतो.

परवा संध्याकाळी कात्री काढून घेतली म्हणून रडायला लागला, रडता रडता आवाजच बंद झाला, तोंड उघडं, ओठ निळे, आणि हातात एकदम ढिला पडला. सासूबाई पाणी घेऊन धावल्या, मी नुसती ओरडत होते. मग एकदम श्वास घेतला आणि झोपून गेला. जवळच्या दवाखान्यात नेलं तर म्हणाले हट्टी आहे, लाड कमी करा. सासूबाई म्हणतात दृष्ट आहे, शेजारच्या काकू म्हणतात तुझं दूध पुरत नाही, मिस्टर म्हणतात तूच सवय लावलीस. माहेरी द्राक्षांची काढणी चालू आहे त्यामुळे आईला यायला होत नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. काल रात्री तीनला तो चौथ्यांदा उठला तेव्हा मी त्याला गादीवर जोरात ठेवलं. आपटलं नाही, पण जोरात ठेवलं. तो एक क्षण गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिला. ती नजर सकाळपासून डोळ्यांपुढून जात नाहीये. काय करू सांगा.

मोगरा_नाशिकरोड
ताई आधी एक ग्लास पाणी पी आणि बस. लिहिलंस ते फार चांगलं केलंस. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, ती दीड वर्षाची असताना मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून रडायचे. तुझ्यासारखं जोरात ठेवणं माझ्या हातूनही झालंय, आज पहिल्यांदा कुठे लिहितेय. बाकी माहितगार लोक सांगतीलच.

सिस्टरताई
मी १९ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम केलंय म्हणून थोडं हक्काने लिहिते. रडता रडता श्वास अडकणं, ओठ निळे होणं, अंग ढिलं पडणं याला डॉक्टर ब्रेथ होल्डिंग स्पेल म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षं या वयात जास्त दिसतं, मूल मुद्दाम करत नाही, त्याच्या हातात ते नसतंच. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास आपोआप परत येतो आणि मूल मोठं होईल तसं पाच-सहा वर्षांपर्यंत थांबतं. पण पहिल्यांदा झालंय तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच, "हट्टी आहे" एवढ्यावर परत यायचं नाही. फिटस् नाहीत ना आणि हृदयाचं काही नाही ना हे तपासणारा माणूस हवा.

परत झालं तर त्याला कुशीवर आडवं करा, आजूबाजूचं टोकदार काही बाजूला करा, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. हलवू नका, पाठीत मारू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. शक्य झालं तर घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. मिनिटाच्या वर गेलं, झटके आले किंवा रडणं, पडणं काही नसतानाच निळा पडला तर लगेच मोठ्या दवाखान्यात.

आता मला सांगा, तो खातो काय? दूध किती, वरचं कोणतं? चहा पितो का? माती, भिंत, खडू असं काही चाटतो का? खालची पापणी ओढून बघा, आतून लालसर आहे की पांढुरकी? दिवसाची झोप किती?

निफाडची_लेक
सिस्टरताई तुमचं वाचून अंगावर काटा आला. गॅलरीतल्या कुंडीतली माती खातो, मी दिवसातून दहा वेळा तोंडातून काढते, आणि बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत ते चाटतो. मला वाटलं दात येतायत म्हणून. जेवण म्हणाल तर वरणभाताचे दोन घास, तोंड फिरवतो. जेवत नाही म्हणून आम्ही म्हशीचं दूध देतो, बाटली पाच वेळा, म्हणजे लिटरच्या आसपास जात असेल. सकाळी सासूबाईंसोबत बशीत चहा आणि मारी बिस्कीट. पापणी बघितली, पांढुरकी वाटते पण मला नीट कळत नाही. दुपारी अर्धा तास झोपतो, रात्री तीन-चारदा उठतो.

सिस्टरताई
ताई, तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण माती खाणारं, किरकिरं, न जेवणारं, लिटरभर दूध पिणारं आणि निळं पडणारं बाळ हे चित्र मी वॉर्डात किती वेळा बघितलंय त्याची गणती नाही. उद्याच जा आणि सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करा म्हणून स्वतःहून सांगा. हिमोग्लोबिन बघा, लोह कमी आहे का बघा.

कारण असं की दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर ते पोट भरवून टाकतं त्यामुळे बाळ जेवत नाही, आणि जेवणातलं थोडंफार लोह असतं ते पण दुधामुळे नीट शोषलं जात नाही, चहाने तर आणखीच अडतं. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांपर्यंत पुरतो, पुढे वरच्या अन्नातूनच मिळायला हवा. लोह कमी झालं की मूल चिडचिडं होतं, झोप तुटते, भूक मरते, माती खावीशी वाटते, आणि श्वास धरण्याचा पण याच्याशी संबंध असतो, लोहाचं औषध चालू केल्यावर ते प्रकार कमी झालेले मी स्वतः पाहिलेत. घरातले म्हणतात हट्टी, आणि ते लेकरू बिचारं थकलेलं असतं.

स्वतःला दोष देऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ६७.१ टक्के मुलं ऍनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेली, निघाली होती, म्हणजे तीनातली दोन. म्हणून तर आशाताई ते लोहाचं सायरप वाटतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. तुमच्याकडे कधी आल्या होत्या का?

निफाडची_लेक
आल्या होत्या. बाटली फ्रीजवर तशीच पडून आहे, शी काळी होते म्हणून सासूबाईंनी बंद करायला लावली होती.

सिस्टरताई
लोहाने शी काळपट होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आता आपल्या मनाने चालू करू नका, आधी रक्त तपासा, कमी निघालं तर डोस वजनावर ठरतो आणि तो बराच वेगळा असतो.

कॉलेजरोडवाली
बाकी सगळं ठीक पण एक सांगू का, जरा रडू द्यायला शिका. प्रत्येक रड्याला उचललं की मुलं डोक्यावर बसतात. माझ्या मुलाला आम्ही खोलीत ठेवून दार लावायचो, आठवड्यात गप्प झाला. आणि अगदीच झोप नसेल तर सर्दीचं सायरप अर्धा चमचा द्या, मस्त झोपतात.

सिस्टरताई
दोन्ही गोष्टींना माझा नकार. आजारी असू शकणाऱ्या आणि श्वास धरणाऱ्या मुलाला दार लावून कोंडायचं नाही, हे माझं ठाम मत. आणि सर्दीचं औषध झोपेसाठी कधीच नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. सर्दीचं एक मिश्रण येतं, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. घरात असेल तर बाटली फिरवून बघा.

पंचवटीची_आजी
सिस्टर बरोबर बोलताय. माझं वय ७१. आमच्या लहानपणी रानात मजुरीला जाणाऱ्या बाया लेकरू झोपावं म्हणून अफूची मोहरीएवढी गोळी चाटवायच्या, आणि एखादं लेकरू उठायचंच नाही. औषधाने झोपवलेलं पोर ते झोपलेलं नसतं गं.

पोरी, तुझ्या सासूला दृष्ट काढायची तर काढू दे, मीठमोहरी उतरवल्याने काही बिघडत नाही, तिच्याही जिवाला बरं वाटतं. फक्त धुरी देऊ नका, त्या धुराने बाळाची छाती भरते. आणि रक्त तपासायला जाताना सासूला सोबत घेऊन जा. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं ना की दूध कमी करा, तर ती ऐकेल. तू सांगितलंस तर ते सुनेचं सांगणं होईल. मी पण सासू आहे म्हणून सांगते.

संध्याकाळी दिवेलागणीला अंगाला कोमट तेल चोळ, पायांच्या तळव्यांना जास्त, आणि काहीतरी गुणगुण. रोज तेच गाणं, त्याच वेळी. लेकराला कळतं आता झोपायचंय.

सातपूरकर_बाबा
मी पण शिफ्टवाला आहे, सातपूरला. ताई तुमच्या मिस्टरांना हा धागा दाखवा. मी पण बायकोला हेच म्हणायचो, तूच सवय लावलीस. मग एकदा ती तापाने पडली आणि दोन दिवस पोरगी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी कडेवर घेऊन मी गॅलरीत उभा होतो आणि माझे हात थरथरत होते, तेव्हा कळलं ही रोज काय करते ते.

त्यानंतर आम्ही ठरवलं, फर्स्ट शिफ्ट असली की पाच ते सात पोरगी माझी, सेकंडला असलो तर सकाळी उठल्यापासून दहापर्यंत. त्या वेळात बायकोने स्वयंपाक पण करायचा नाही, झोपायचं नाहीतर बाहेर जायचं. मी पोरीला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, न्यायचो, गांधी तलावापाशी, होड्या आणि कबुतरं बघितली की ती अर्धा तास गप्प. रडली तरी मोकळ्यात रडू दे, चार भिंतीत ते रडणं डोक्यात घुमतं.

निफाडची_लेक
दादा, मिस्टरांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण आज सेकंडला जायच्या आधी त्याला घेऊन खाली पार्किंगमध्ये फिरत होते.

शुभ्रा_इंदिरानगर
सगळे बाळाबद्दल लिहितायत, मला तुझ्याबद्दल विचारायचंय. तुला स्वतःला झोप लागते का, तो झोपलेला असतो तेव्हा? जेवतेस का? कशातच मन लागत नाही, आपण वाईट आई आहोत, आपण नसतो तर बरं, असं येतं का मनात? मला यायचं. बाळ आठ महिन्यांचं होतं, सगळे म्हणायचे आता कसलं बाळंतपण, तेव्हा मला डिप्रेशन निघालं. ते पहिल्या महिन्यातच येतं असं काही नाही, वर्षभरात कधीही येऊ शकतं, आणि न झोपलेल्या बाईला तर पटकन गाठतं. औषधं घेतली, सहा-सात महिन्यांत मी माणसात आले.

टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. मी मुलाला झोपवून गच्चीवरून फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी जेवलात का विचारलं होतं.

आणि परत तसा राग आला तर, जोरात ठेवायच्या आधीच, त्याला पाळण्यात किंवा खाली गादीवर ठेव आणि दुसऱ्या खोलीत जा. पाच मिनिटं रडला तरी चालेल. दार लावून कोंडणं वेगळं आणि स्वतःचा श्वास जाग्यावर आणायला बाजूला होणं वेगळं. बाळाला गदागदा हलवणं हे सगळ्यात धोक्याचं, मेंदूत रक्तस्राव होतो, कितीही राग आला तरी ते एक करायचं नाही.

निफाडची_लेक
शुभ्रा, तू विचारलंस त्यातलं बरंच होतं. तो झोपला तरी मी जागीच असते, आता उठेल आता उठेल म्हणून कान तिकडेच. नंबर लिहून घेतला.

निफाडची_लेक (चार दिवसांनी)
अपडेट देते. आजींनी सांगितलं तसं सासूबाईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी आधी पूर्ण ऐकून घेतलं, छातीला नळी लावली, ईसीजी केला तो नॉर्मल आला. हिमोग्लोबिन ७.८. सासूबाईंनी विचारलं किती पाहिजे, डॉक्टर म्हणाले निदान ११, तर त्यांचा चेहरा उतरला. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, मी तर प्रेमाने देत होते गं चहा. मला त्यांच्यावरचा राग कुठे गेला कळलंच नाही, दोघी रडलो.

लोहाचे ड्रॉप्स दिलेत, दुधासोबत द्यायचे नाहीत, वर संत्र्याचा रस चालेल. जंताचं औषध पण दिलंय माती खातो म्हणून. दूध दिवसाला ४०० मिलीच्या आत आणि ते पण कपाने, बाटली बंद. आता बाटली बंद केली म्हणून जो काही तमाशा चाललाय तो विचारू नका. काल रात्री दीड तास.

मोगरा_नाशिकरोड
बाटली आम्ही अशी सोडवली, आधी रात्रीची नाही तर दुपारची बंद केली, मग सकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. एकदम सगळ्या बंद करू नकोस, त्यालाही जड आणि तुलाही. आणि ड्रॉप्स जिभेच्या मागे गालाच्या बाजूला सोड, वर पाणी पाज, नाहीतर दातांवर काळे डाग पडतात, ते जातात पण आपण घाबरतो. खायला मेथी-पालक घालून मऊ खिचडी, वर लिंबू पिळून. नाचणीचं सत्त्व. अंडं चालत असेल तर रोज अर्धं. खजूर भिजवून कुस्करून. भरवायच्या आधी दोन तास दूध नको. पहिले चार दिवस थुंकेल, पाचव्या दिवशी तोंड उघडेल.

गंगापूररोड_मीरा
हट्टाबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझी दोन मुलं त्यातून गेलीत. वर्षाच्या पुढे मुलांना कळतं खूप आणि बोलता येतं दोनचार शब्द, म्हणून ते अंगाने बोलतात, लोळतात, आपटतात. आम्ही काय केलं तर घरात एकच नियम, आईने नाही म्हटलेली वस्तू आजीने द्यायची नाही आणि आजीने नाही म्हटलेली आईने. आमच्याकडे सगळ्यात जास्त रडं यामुळेच होतं, रडलं की दुसऱ्याकडून मिळतं हे माझ्या मुलाला दहाव्या महिन्यातच कळलं होतं. आणि नाही कमीत कमी गोष्टींना म्हणायचं. कात्री, गॅस, प्लग यांना नाही, बाकी वस्तू सरळ वर उचलून ठेवायच्या. खालचा एक ड्रॉवर त्याचाच, वाट्या, झाकणं, लाटणं, काढू दे आणि आपटू दे.

लोळायला लागला की डोक्याखाली उशी सरकव आणि तिथेच खाली बस. समजवू नकोस, त्या वेळी त्याला काही ऐकू येत नाही. "कात्री हवी होती, राग आला" एवढंच हळू आवाजात म्हण. निळं पडेल या भीतीने वस्तू परत हातात देऊ नकोस. डॉक्टरांनी हृदयाचं काही नाही सांगितलंय ना, मग घट्ट राहा. मोबाईल मात्र पूर्ण बंद कर, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं डब्ल्यूएचओने पण सांगितलंय. आणि झोप वाढव, या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागते, तुझा मुलगा आठनऊ तासांवर चाललाय, तो रडणारच गं.

निफाडची_लेक
झोपेचा हिशोब कधी केलाच नव्हता. आजपासून दुपारी बाराला खोलीत अंधार करून झोपवून बघते.

निफाडची_लेक (साधारण महिन्याने)
बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. हिमोग्लोबिन ९.६ झालं. औषध अजून काही महिने चालू ठेवायचंय, आकडा ११ च्या वर गेला तरी साठा भरायला पुढे द्यावं लागतं म्हणाले. चिडचिड तर रक्त वाढायच्या आधीच, पहिल्या आठवड्यातच कमी वाटायला लागली. माती खाणं बंद. निळा पडणं त्यानंतर एकदाच झालं, मी कुशीवर केलं आणि मोबाईलच्या घड्याळात बघत राहिले, २० सेकंद होते, मला तेव्हा ते युगासारखे वाटले. दुपारी दीड तास झोपतो. रात्री अजून एकदोनदा उठतो. मिस्टर सेकंडला असले की सकाळी तो त्यांच्याकडे, ते त्याला खालच्या भाजीवाल्याकडे नेतात.

१४४१६ ला पण फोन केला होता, दोनदा. त्यांनी सिव्हिलला मानसोपचारचं सांगितलं, एकदा जाऊन आले, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

परवा बुधवारच्या बाजाराला गंगेवर गेलो होतो, मी, सासूबाई आणि तो. फुग्यावरून पेटला आणि पायऱ्यांवर लोळायला लागला. आधी मी लाजून त्याला उचलून पळाले असते. परवा पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याच्याजवळ पायरीवरच बसले, डोक्याखाली माझा हात. एक बाई थांबून म्हणाल्या अहो घ्या की त्याला फुगा, तर सासूबाईच म्हणाल्या, "रडू द्या, थांबेल तो." चार-पाच मिनिटांनी उठून स्वतःच माझ्या मांडीवर आला, नाक माझ्या पदराला पुसलं आणि पाण्याकडे बोट करून "म्म" म्हणाला. भाजी तशीच राहिली घ्यायची.

पुढच्या महिन्यात परत रक्त तपासायचंय, आकडा आला की इथेच लिहिते.